टाकीतला दर्या बंद आहे

लोकांच्या घरी कुत्रा असतो, मांजर असतं, गेला बाजार एखादा पोपट असतो. माझ्या घरी शेवाळ आहे. हसा. सगळेच हसतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर माझ्याच हॉलमध्ये उभं राहून विचारलं, "वहिनी, आपल्या गच्चीवरच्या टाकीत हे फुकट उगवतं, पाठवून देऊ का थोडं?" मी म्हटलं, "पाठवा ना. आणि गच्चीवरच्या टाकीत ते का उगवतं, तेवढं मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगा." तेव्हापासून ते लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्यावरच बोलतात.

पण माझं शेवाळ तसलं हिरवं, बुळबुळीत नाही. हे समुद्रातलं, खाऱ्या पाण्यात वाढणारं, आणि लाल. लाल म्हणजे चांगलं भिजवलेल्या आमसुलासारखं. बारीक बारीक फांद्या, त्यांना आणखी फांद्या, आणि पंपाच्या पाण्याबरोबर सगळं झुडूप हलत असतं. संध्याकाळी टाकीचा लाइट लागला की मी चहाचा कप घेऊन समोर बसते. त्या वेळात फोन वाजला तर मी उचलत नाही, हे माहेरच्यांनाही आता माहीत झालंय.

टाकी मुळात माझ्या मुलाची. कॉलेजात असताना हौसेने आणली, दगड आणले, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणले आणि नोकरी लागल्यावर बंगळुरूला जाताना "आई, फक्त खायला घालत जा" एवढं सांगून ती माझ्या गळ्यात मारली. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर कॅनॉल. लग्न होऊन सानपाड्याला आले तेव्हा भरती-ओहोटी काय असते हे मला नवऱ्याने खाडीच्या बांधावर उभं करून दाखवलं होतं. नवरा कोळ्यांच्या घरातला, पण तो बंदरावरच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा. घरातल्या समुद्राकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे राहिले कोण? मी.

मुलगा गेल्यावर घर इतकं शांत झालं की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. त्याच दिवसांत टाकी पुसता पुसता मला एका दगडाच्या खाचेत नखाएवढा लाल तुरा दिसला. आधी वाटलं दोरा अडकलाय. ओढायला गेले तर चिवट. आठवड्याने पाहिलं तर त्याला फांदी फुटलेली! मी एकटीच हॉलमध्ये ओरडले, "अगं बाई!" मग काय, लागलं वेड. व्हिडिओ बघितले, दुकानं पालथी घातली, मीठ विरघळवून पाण्याचा खारटपणा मोजायला शिकले, उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला. नवरा म्हणाला, "मला बेडरूममध्ये पंखा हवा म्हटलं तर तू बिल दाखवतेस." मी म्हटलं, "तुम्ही लाल व्हा, तुम्हालाही लावते."

झुडूप चांगलं मुठीएवढं झालं आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्याचा रंग उतरायला लागला. आधी तांबूस, मग पिवळट, शेवटी उकडलेल्या शेवयांसारखं फिकट. हात लावला की तुकडे. मी हादरले. आता मला स्वच्छतेचं जरा जास्तच आहे, हे मी मान्य करते. वाशीत एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला असते. दिवसभर तिथे सगळं उकळून, पुसून ठेवलेलं बघायची सवय, आणि दिवसभर ठणका लागलेल्या लोकांशी गोड बोलून घरी येईपर्यंत माझा गोडवाही संपलेला असतो. तर मी ठरवलं, पाण्यात घाण असणार. दर रविवारी अर्धं पाणी काढून नवीन घालायला लागले. काच घासली, वाळू उपसली, दगड चोळले. टाकी अशी लखलखली की बस. शेवाळ मात्र आणखी पांढरं पडलं.

एवढ्यात सासूबाई आल्या.

त्या आमच्या खाडीकाठच्या गावात, जुन्या घरात एकट्या राहायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर टोपली घेऊन मासळी विकलेली बाई, आवाज असा की पलीकडच्या आळीतलं गिऱ्हाईक वळून बघेल. मागच्या पडवीत पाय घसरून पडल्या आणि उजवा हात मोडला. नवरा त्यांना गाडीत घालून घेऊन आला. प्लास्टर गळ्यात अडकवून त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "पुनवेपरत रानार. नारली पुनवेला मी माज्या घरा जानार. आताच सांगून ठेवते."

मी म्हटलं, "बरं."

खरं सांगायचं तर मला ते अजिबात बरं वाटलं नव्हतं. त्या वयात, त्या निसरड्या पडवीत, एकट्या! आणि नुसतं तेवढंच नाही. त्या आल्या आणि चार दिवसांत घरात आवाज आला. सकाळी उठल्यापासून भांडायला हक्काचं माणूस मिळालं. माझ्या चहात साखर कमी, माझ्या कालवणात आंबट कमी, माझ्या भाकरीला पदर नाही. मीही काही गप्प बसणारी नाही. आम्ही दोघी मजेत भांडायचो. त्या कायमच्या आमच्याकडे राहाव्यात असं मला मनापासून वाटायचं. पण बोलायचं कसं? स्वतःचं घर असलेली, स्वतःच्या जिवावर घर चालवलेली बाई. तिला "इथेच राहा" म्हणणं म्हणजे तिचं घर बंद करायला सांगणं, असं मला वाटे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिला तिच्या मनासारखं करू दे. आपण मधे पडलो तर तिला वाटेल, हात मोडला म्हणून हुकूम चालवतात." पटलं मला. आम्ही दोघं शहाण्यासारखे गप्प बसलो.

टाकी बघून सासूबाई पोटभर हसल्या होत्या. "शेवाल पालतेस? गो, जाल्यात अडाकला की आमी शिव्या घालून काढायचो आनि फेकायचो. आनि तू त्याला लाइट लावतेस?" पण हात मोडलेला, करायला काम नाही, टीव्हीवरच्या सुना त्यांना आवडत नाहीत. संध्याकाळी मी कामावरून आले की त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "इथं वारा येतं."

मग आला रविवार. मी बादली आणि पाइप घेऊन टाकीपाशी बसले, आणि मागून आवाज आला, "काय करतेस?"

"पाणी बदलते."

"कनचा पानी? दर्या बंद हाय."

मला कळेना. त्यांनी मग मला, कोळ्यांच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या सुनेला, पहिलीतल्या पोरीसारखं समजावलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या. मासळी पोटुशी असते, अंडी घालते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच पाण्यात जाळं टाकायचं. तोवर दर्याला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, "आई, ही काचेची टाकी आहे. हा दर्या मी परवा बादलीत मीठ ढवळून तयार केलाय."

"खारा हाय क नाय?"

"आहे."

"मासं हायत क नाय?"

"दोन."

"मंग बंद."

"अहो, पण शेवाळ मरतंय माझं!"

"मरू दे. मी बसले हाय इथं तवर या पान्यात कोन हात घालनार नाय. घालायचा तर घाल, मी आजच माज्या घरा जाते." आणि प्लास्टरचा हात सावरत खरंच उठल्या.

झालं! नवरा पेपरमागे लपला. मी पाइप गुंडाळला. चरफडत गुंडाळला, बादली मोरीत आपटली, पण गुंडाळला. म्हटलं, शेवाळ जाऊ दे चुलीत, ही बाई आज जायला नको. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायची तेवढी परवानगी मिळाली, कारण पाऊस दर्यातही पडतोच. टाकीला टाळं लागलं. सेक्रेटरी वर्गणी मागायला आले तर सासूबाईंनी त्यांनाही काचेला बोट लावू दिलं नाही. "दर्या बंद हाय," म्हणाल्या. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पौर्णिमेनंतर या."

काच हळूहळू धुरकट झाली. तळाशी गाळ बसला. मला रात्री झोप लागेना एवढी ती घाण डोळ्यांत खुपायची. आणि एके दिवशी चहा घेऊन बसले तर मला शेवाळाच्या टोकाला गुलाबी झाक दिसली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. गुलाबीच! पुढे तर रोज रंग चढत गेला. गुलाबी गेला, लाल आला, नवीन फुटवे आले, झुडूप मुठीचं ओंजळभर झालं. मी नवऱ्याला ओढून आणलं, मुलाला व्हिडिओ पाठवला. सासूबाई खुर्चीत बसून मान हलवत होत्या, जणू त्यांनीच आतून ब्रश मारलाय. "सांगला व्हता ना? दर्याला इसावा दिला की दर्या देतं."

मी मुकाट चहा प्यायले.

पण मासे? दोन्ही मासे गोल गरगरीत झाले होते. मी तर त्यांना चिमूटभरच घालायची. एका शनिवारी मी दवाखान्यातून लवकर सुटले. दार उघडलं तर सासूबाई टाकीवर वाकलेल्या, शेजारी खुर्चीवर स्वयंपाकघरातली बरणी उघडी, आणि डाव्या मुठीने पाण्यात काहीतरी सोडतायत. बरणी मी ओळखली. जवळ्याची! सुका जवळा, जो मी त्यांच्याच कालवणासाठी राखून ठेवला होता. हॉलभर वास.

माझा पारा चढला. "आई! हे काय चाललंय? मला म्हणे पाण्याला हात लावू नको, आणि स्वतः बाजार ओतताय त्यात! म्हणून गाळ साठलाय खाली! टाकी माझी आहे, मला विचारायचं तरी!"

"भुकं व्हतं बिचारं. तू काय घालतेस, मुंगीचा घास."

"उपाशी राहू देत, मरू देत, माझे आहेत!"

बरणीचं झाकण सासूबाईंना एका हाताने लावता येईना, तर पोटाशी धरून लावलं, ओट्यावर ठेवली आणि आत गेल्या. तोवर प्लास्टर निघायला आलं होतं, पौर्णिमा तोंडावर होती. संध्याकाळी पाहिलं तर पलंगावर त्यांची पिशवी भरून तयार. मला फार वाईट वाटलं. पण राग आणि वाईट वाटणं दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही, नुसती भांडी वाजतात.

दुसऱ्या दिवशी मी टाकीचा फोटो घेऊन मीठ घेते त्या दुकानात गेले. म्हटलं, गाळाचं काय करायचं ते तरी विचारू. दुकानदार तरुण, बडबड्या. फोटो बघून शिट्टीच मारली त्याने. "मॅडम, कसला कलर आलाय! काय घालता?" मी ओशाळून सांगितलं, जवळा. तो हसत सुटला. म्हणाला, "डोकं लावलंत. याला माशांची घाणच लागते, तेच खत. तुम्ही आधी दर रविवारी पाणी बदलायचात ना? उपाशी मारत होतात त्याला. फक्त आता जरा कमी घाला, नाहीतर मासे फुटतील."

म्हणजे दर्याच्या विसाव्याने काही झालं नव्हतं, आणि माझ्या घासण्याने तर नाहीच नाही. एकीने अडवलं म्हणून घाण साठली, त्यात तिनेच जवळा ओतला, आणि शेवाळाचं फावलं. ना तिला माहीत, ना मला. मी दुकानातच हसायला लागले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. अगदी सरळ सांगितलं, "तुमचा जवळा लागू पडला. मी चिडायला नको होतं." त्यांनी ऐकलं, चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही, आणि म्हणाल्या, "माज्या हातचा खाऊन कोन बारीक झालाय?" रात्री कालवण त्यांनी केलं, डाव्या हाताने, मला शेजारी उभं करून. आम्ही पुन्हा नेहमीसारख्या भांडलो. मला वाटलं, मिटलं सगळं. पण पिशवी पलंगावरून हलली नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी टाकीत नारळ सोडायचा हट्ट धरला. मी हात जोडले. नारळ काच फोडेल, आई, खालचे लोक पोलीस बोलावतील. शेवटी काचेला बाहेरून हळदकुंकू आणि वर झेंडूचं एक फूल यावर तह झाला. त्यांनी डोळे मिटून टाकीला नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "आता खोल तुजा दर्या." मी म्हटलं, संध्याकाळी. मला त्या वेळी पाइप हातात घ्यायची इच्छाच नव्हती.

मग आम्ही गावात गेलो. धक्क्यावर बँड, नऊवारीतल्या बायका, होड्यांना पताका. सोनेरी कागदाचा नारळ खाडीत सोडला, सासूबाई ओळखीच्या बायकांना प्लास्टर निघालेला हात दाखवत फिरल्या, "बग, जुललं हाड." मी मागे मागे चालत होते आणि मला एक घास गोड लागत नव्हता. शेवटी त्यांनी पिशवी मागितली आणि आपल्या घराच्या दाराशी गेल्या. कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली. कुलूप उघडेना. इकडे फिरव, तिकडे फिरव. नवरा म्हणाला, "आय, दे मी बघतो." "तुना नाय जमनार." तो तेल आणायला शेजारी गेला. शेजारच्या बायका जमल्या, एक म्हणाली गंजलं असेल, एक म्हणाली दगड घाला. सासूबाई आपल्या खाटखूट करतायत, त्या नुकत्याच जुळलेल्या हाताने. मी त्या हाताकडे बघत होते. आणि मला काय झालं कळलं नाही, मी सगळ्या गावासमोर ओरडले, "पुरे झालं! ठेवा ती किल्ली! कशाला राहताय इथं एकट्या? घरी चला म्हणते ना! मला नाही करमणार तुमच्याशिवाय, कळतं का तुम्हाला?"

माझे डोळे वाहायला लागले, ते मी पदराने पुसलेही नाहीत.

सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. म्हणाल्या, "येवरा पावसाला तुज्या घरा काढला. एकदा तरी बोललीस का गो, राहा म्हनून? ना तू, ना माजा लेक. मना वाटला, पुनवेची वाट बघतायत."

त्यांनी पुन्हा कुलपाकडे तोंड केलं, किल्ली एकदाच फिरवली, आणि कुलूप टचकन उघडलं.

"आता बगत काय उभी राह्यलीस?" त्या आत शिरत म्हणाल्या. "माजी दोन लुगडी आनि विली घेते. तुज्या सुरीनं मासं कापवत नाय."